शंभर बारला मागे

मुरुडेश्वरसमोरच्या नेत्राणी बेटाजवळ, १८ मीटर खाली त्याची हवा संपली आणि तो सुसाट वर गेला. वाटेत श्वास कोंडला असावा. तिथली हवा वर येईतो जवळजवळ पावणेतीन पट फुगते. फुफ्फुसाला इजा झाली, जीव वाचला. त्या डाइव्हमधली त्याची बडी आता मालवणात आपल्या जुन्या प्रशिक्षकांसमोर बसली होती.

“मी त्याच्यामागे धावले नाही, सर. मिनिटाला ९ मीटर, तुम्ही शिकवलंत त्याच वेगानं आले.”

“बरोबर केलंस. नाहीतर दोघांना दवाखान्यात न्यावं लागलं असतं.”

“मग मन का खातंय?”

“कारण तू शेवटच्या मिनिटाचाच हिशेब करतेयस. त्याआधी त्याचा गेज कधी विचारला होतास?”

“तो बघणं त्याचं काम. मी माझी ५० बार हवा राखून होते.”

“कुणासाठी?”

“माझ्यासाठीच की.”

“मग छातीवर अडकवलेलं ते दुसरं रेग्युलेटर कुणाचं? मांड गणित. १२ लिटरची टाकी, ५० बार.”

“६०० लिटर.”

“घाबरलेला माणूस मिनिटाला ३० लिटर सहज ओढतो. १८ मीटरवर दाब वरच्या २.८ पट, म्हणजे ८४. आणि ओढणारे दोघं.”

“साडेतीन मिनिटं. वर यायलाच दोन लागतात!”

“तेही तो हाताच्या अंतरावर असेल तर.”

सरांचं गणित चोख होतं. तिचा पुढचा प्रश्न मात्र गणितात बसणारा नव्हता.

“म्हणजे १०० बारलाच अंगठा वर करून परतायचं. पण पैसे मोजून आलेल्या जोडीदाराचा डाइव्ह माझ्या भीतीपायी का बुडवायचा?”

“कुणीही, केव्हाही, कारण न देता डाइव्ह संपवू शकतो. नियमच आहे तो.”

“नियमानं बोटीवरची वाकडी तोंडं सरळ होतात का? हवा लवकर संपवतो म्हणून सगळे त्याला चिडवायचे. गेज दाखवायला तो लाजला नसेल कशावरून?”

“हे तू आधी सांगायला हवं होतंस.”

“म्हणून उतरण्याआधीच आकडा बोलून टाकायचा. १०० ला मागे, हुज्जत नाही. पटत नसेल त्यानं दुसरा बडी बघावा.”

“मी तर इतकी वर्षं ७० ला मागे फिरतोय.”

“मग रविवारी तुम्ही दुसरा बडी बघा, सर.”