रागाचा भर

चोपड्याच्या हळदीत बापाने लग्नाच्या रागातून स्वतःच्याच मुलीचा जीव घेतला, ते तुम्हाला नव्याने सांगायला नको. मी सांगतोय ते त्यानंतरच्या बुधवारचं, नशिराबादच्या सलूनमधलं.

गालाला फेस लागला होता आणि समोर टीव्हीवर हिंदीत डब केलेला तेलुगू सिनेमा. नाव विचारू नका. डब झाला की सगळ्यांची नावं सारखीच होतात, आवाजही एकाच माणसाचा असावा. रायलसीमेतलं गाव, दोन घराण्यांचं वैर, या घरची पोरगी त्या घरच्या पोरावर जीव लावून बसलेली आणि धुरळा उडवत निघालेल्या वीस सुमो. जाहिरात लागली तसे बाकावरचे एक काका उसासा टाकून म्हणाले, "बापच होता ना भाऊ. रागाच्या भरात होऊन जातं."

रागाचा भर! किती दिवसांचा असतो हो हा भर? चोपड्यात लग्नाला वर्ष उलटून गेलं होतं. जानेवारी 2025 मध्ये पिंप्राळ्यातल्या जावयाचा खून झाला, सासरच्यांवर गुन्हा दाखल झाला, त्या लग्नाला तर चार-पाच वर्षं झाली होती. एवढ्या काळात माणूस सकाळी उठतो, चहा घेतो, वीजबिल भरतो, दुसऱ्यांच्या लग्नात अक्षता टाकून वरण-बट्टी जेवतो, आणि भर आपला तसाच! आमची केळी चार दिवसांत काळी पडतात. हा राग मात्र बिबड्यांसारखा उन्हात वाळवून डब्यात भरून ठेवलेला. काढायचा आणि तळायचा.

नानावटी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1961 साली साधा हिशेब केला होता. आरोपी नौदल अधिकारी दुपारी दीडला घरातून निघाला, खून झाला चार वीसला. मधला वेळ डोकं ताळ्यावर यायला पुरेसा होता, म्हणून 'अचानक चिथावणी' मान्य नाही. म्हणजे नौदलाच्या अधिकाऱ्याला तीन तासही जास्त, आणि आमच्या सासऱ्यांना पाच वर्षंही कमीच!

'सैराट'मधले परशा आणि आर्ची 2016 साली पडद्यावर जीव वाचवायला हैदराबादेत पळाले होते. दोनच वर्षांनी, सप्टेंबर 2018 मध्ये, तिकडच्याच मिर्यालगुड्यात एका जावयाला गरोदर बायकोच्या डोळ्यांदेखत दवाखान्याबाहेर तोडलं. सासऱ्याने सुपारी दिली होती. रागाच्या भरात कुणी भाव ठरवतं? आगाऊ रक्कम देतं? मार्च 2025 मध्ये नलगोंड्याच्या न्यायालयाने त्यात एकाला फाशी आणि सहा जणांना जन्मठेप सुनावली. सासरा निकालाआधीच, 2020 साली, मेला होता.

'समाजात तोंड कसं दाखवू', 'पोरगा कमी शिकलेला' वगैरे कारणंही आहेत. असू देत.

खरं सांगू, सलूनमधल्या त्या तेलुगू सिनेमातला मिशाळ खलनायक मला बरा वाटला. तो भर चौकात सांगतो की याला मारणार, घराण्याच्या नाकासाठी मारणार, कोयता घासून ठेवलाय. सुमोही दिवसाढवळ्या रांगेत उभ्या करतो. आमच्याकडे तयारी तेवढीच, फक्त सुमो कमी. आणि नंतर सगळा गाव मिळून त्या तयारीला 'भर' म्हणणार, वरून 'बापच होता ना' असं म्हणून मुलीच्या मरणाची हळहळही बापाच्या पदरात टाकणार. मुलीचं नाव त्या बाकावर कुणी काढलंच नाही.

हे सगळं मी काकांना सांगणार होतो. तेवढ्यात जाहिरात संपली, सुमो उडायला लागल्या, वस्तरा हनुवटीखाली आला आणि काकांनी विचारलं, "नाही का हो?"

मान हलवायची सोय नव्हती. "हं," म्हणालो.

मसाज नको म्हणून दोनदा सांगितलं होतं, तोही केलाच.