अर्ध्या प्रथिनावर

पोलिओचा विषाणू पेशीत शिरतो तेव्हा त्याची मालमत्ता म्हणजे साडेसात हजारांच्या आसपास अक्षरांचा आरएनएचा एक धागा. त्याच्या नकला काढणारं विकर धाग्यात लिहिलेलं आहे, पण कोणी वाचेपर्यंत ते अस्तित्वातच नाही. पहिलं प्रथिन दुसऱ्यानेच बनवून द्यायला हवं.

जगायला दुसरा लागतो, हे आपलं सगळ्यांचंच. याला सुरुवात करायलाच दुसरा लागतो.

पेशीच्या स्वतःच्या निरोप्या आरएनएला टोकाशी रासायनिक टोपी असते. ईआयएफ४जी नावाचं एक मोठं प्रथिन एकीकडे ती टोपी ओळखणाऱ्याला धरतं, दुसरीकडे रायबोसोम, म्हणजे धागा वाचून प्रथिन बनवणारं यंत्र, आणणाऱ्यांना. पोलिओच्या धाग्याला टोपी नाही. नियमाने त्याला कोणी वाचू नये.

पण धाग्याच्या सुरुवातीचा शेकडो अक्षरांचा भाग, ज्यात प्रथिनाचा मजकूर नाही, स्वतःवरच असा दुमडतो की रायबोसोम टोकाकडून न येता थेट मध्ये येऊन बसतो. १९८८ साली जेरी पेल्तिए आणि नाहुम सोनेनबर्ग यांनी हे पोलिओत दाखवलं. कोरी वाटणारी जागाच सगळ्यात कामाची निघाली.

पुढचं पाऊल मला या साऱ्या प्रकरणात सगळ्यात धूर्त वाटतं. विषाणूच्या पहिल्याच प्रथिनांत एक कात्री असते. ती ईआयएफ४जी मधोमध तोडते. टोपीकडचा तुकडा एकीकडे, रायबोसोमकडचा दुसरीकडे. पेशीचं बहुतेक वाचन थांबतं. विषाणूचं चालू राहतं, कारण त्याला दुसरा तुकडाच पुरतो.

आयत्या बिळावरचा नागोबा निदान बीळ मोडत नाही. हा मोडतो, आणि मोडक्यातच संसार थाटतो.

लाचारी आणि मालकी यांत काही तासांचंच अंतर असतं.

तरी नुसता रायबोसोम पुरत नाही. प्रयोगशाळेत प्रथिनं बनवायला सशाच्या अपक्व लाल रक्तपेशींचा अर्क वापरतात. त्यात पोलिओचा आरएनए टाकला तर वाचन अडखळतं, भलत्याच जागी सुरू होतं. मानवी हेला पेशींचा थोडा अर्क मिसळला की सुधारतं. म्हणजे आणखी मदतनीस आहेत. त्यांतलं पीटीबी हे प्रथिन मुख्यतः केंद्रकात राहून पेशीच्या आरएनएची काटछाट बघणारं. परक्याच्या कामाला ते कसं लागलं? त्याला आकार ओळखता येतो, मालक नाही.

१९९१ साली एकार्ड विमर यांच्या प्रयोगशाळेने हेला पेशी फोडून काढलेल्या अर्कात पोलिओचा आरएनए सोडला. एकही अखंड पेशी नसताना नवे, संसर्ग करू शकणारे विषाणू तयार झाले. विषाणूला जिवंत पेशी लागत नाही, तिची इस्टेट लागते.

आणि इस्टेट प्रत्येक पेशीची सारखी नसते. तोंडावाटे द्यायच्या सेबिन लशीतल्या तिन्ही वाणांत, त्या दुमडलेल्या भागातलं एकेक अक्षर बदललेलं आहे. तेवढ्याने वाचन मंदावतं, मज्जापेशींत तर फारच. आतड्यात मात्र निभावून जातं. पल्स पोलिओच्या दोन थेंबांचा सौम्यपणा बराचसा या एका अक्षरावर उभा होता.

एका अक्षरावर उभं असलेलं फार काळ उभं राहत नाही. तिसऱ्या वाणातलं ते अक्षर लस घेतलेल्या बाळाच्या आतड्यात काही दिवसांतच मूळपदावर येऊ शकतं. बहुतेक बाळांना त्याने काही होत नाही. जिथे लसीकरण विरळ आहे तिथे मात्र असे परतलेले विषाणू, विशेषतः दुसऱ्या प्रकारचे, एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतात आणि क्वचित पायही लुळे करतात. म्हणून दुसऱ्या प्रकाराच्या नव्या लशीत तो दुमडलेला भागच असा फिरवून लिहिला आहे की एका अक्षराच्या बदलाने काम होऊ नये, एकदम अनेक बदल जुळून यावे लागावेत. २०२१पासून साथीच्या जागी ती लस देऊ लागले.