शक्ती-तुरा कागदावर मांडताना
रायगड जिल्ह्यातल्या तळा तालुक्यासारख्या भागांतून गौरी-गणपतीत जाखडी नाच रंगतो. मधोमध शाहीर आणि ढोलकी, भोवती घुंगरू बांधलेले नाचे. या नाचातल्या शक्ती-तुऱ्याच्या सामन्यात कलगीवाले शक्तीला, तर तुरेवाले शिवाला श्रेष्ठ ठरवतात. सवालाला जवाब मिळतो, पण श्रेष्ठत्वाचा वाद शतकानुशतके मिटलेला नाही, आणि तो न मिटण्यातच या परंपरेचा जीव आहे.

या नाचगाण्यावर विद्यार्थ्यांनी तरुणांसाठी नियतकालिक काढायचे ठरवले, तर मांडणीतच हा प्रश्न पुन्हा उभा राहतो: आधीचे पान कोणाचे? क्रम लावला की कौल दिल्यासारखे होते. म्हणून सवाल-जवाब समोरासमोरच्या पानांवर, एकाच आकाराच्या अक्षरांत छापणे अधिक न्याय्य. पहिले पान मात्र गणाचे, कारण गणेशवंदनेला दोन्ही पक्ष आधी मान देतात.