दुसऱ्या बाळंतपणाचा निर्णय

पहिले मूल सिझेरियनने झालेल्या स्त्रीला पुन्हा दिवस गेले, की एक प्रश्न न विचारताच सुटल्यासारखा मानला जातो. पहिले सिझर, म्हणजे दुसरेही सिझरच! सासू तसे म्हणते, शेजारीण म्हणते, पुष्कळदा डॉक्टरही म्हणतात. ह्या समजुतीत शास्त्र किती आणि सवय किती, हे तपासून पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते. कारण तिच्या पोटी एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. दोन्ही वाटांवर थोडाफार धोका असेल आणि तो दोन जिवांवर येणार असेल, तर वाट निवडायची कोणी?

एकदा सिझेरियन झाले की पुढेही सिझेरियनच, हे वचन न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ एडविन क्रेगिन ह्यांनी १९१६ साली उच्चारले. त्यांचा सांगावा खरे तर पहिल्या शस्त्रक्रियेबाबत सबुरीचा होता. त्या काळी छेद गर्भाशयाच्या वरच्या, जाड भागात उभा घेत असत आणि पुढच्या कळांमध्ये तो व्रण उकलण्याची भीती मोठी असे. पुढे खालच्या भागात आडवा छेद घेण्याची पद्धत रूढ झाली. असा एकच आडवा छेद असलेल्या आणि दुसरी अडचण नसलेल्या १०० स्त्रियांनी नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न केला, तर ६० ते ८० जणींना ती साधते. व्रण उकलण्याचा प्रसंग साधारणतः २०० जणींत एकीवर येतो.

ती एक कोणाची तरी लेक असते, हे विसरून चालणार नाही. अशा वेळी बाळाचा जीव काही मिनिटांवर येतो. म्हणून हा प्रयत्न घरी करण्याचा नव्हे. जेथे बाळाच्या ठोक्यांवर सतत लक्ष राहील, भूलतज्ज्ञ, रक्त आणि शस्त्रक्रियागृह रात्रीही तयार असेल, तेथेच तो करावा. शिवाय कळा सोसून अखेरीस सिझेरियन करावे लागलेच, तर ते आधी ठरवून केलेल्या सिझेरियनपेक्षा अधिक त्रासाचे ठरू शकते.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. सिझेरियन हीसुद्धा पोटाची मोठी शस्त्रक्रिया आहे. प्रत्येक सिझेरियनगणिक, पुढच्या गरोदरपणी वार जुन्या व्रणात रुतून बसण्याचा धोका वाढतो. तसे झाल्यास भयंकर रक्तस्राव होऊन गर्भाशय काढण्याचीही वेळ येते. ज्या जोडप्याला आणखी मुलांची आस आहे, त्याने हे आधीच ध्यानात घ्यावयास हवे.

तेव्हा निवड धैर्य आणि सावधगिरी ह्यांतली नाही. ती दोन प्रकारच्या जोखमींतली आहे. अशा ठिकाणी दोन मोह आडवे येतात. पहिला सोयीचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) आपल्या देशातील खासगी रुग्णालयांत १०० पैकी सुमारे ४७ बाळंतपणे सिझेरियनने झाली, सरकारी रुग्णालयांत सुमारे १४. हा सगळाच फरक स्त्रियांच्या प्रकृतीतला असेल, असे मानणे कठीण आहे.

दुसरा मोह वेदनेला पुण्य मानण्याचा. कळा सोसते तीच खरी आई, असे कोणी उघड म्हणो वा न म्हणो, बारशाला आलेल्या बायकांच्या बोलण्यातून ते टोचत राहते. उत्पत्तीच्या पुस्तकातील हव्वेच्या वेदनांचा आधारही कोणी घेतो. परंतु पोप बारावे पायस ह्यांनी ८ जानेवारी १९५६ रोजी डॉक्टरांपुढे केलेल्या भाषणात स्पष्ट केले, की बाळंतपणातील वेदना कमी करण्यास पवित्र शास्त्र मनाई करीत नाही. आणि संत जिआना बेरेटा मोल्ला ह्यांचे चौथे अपत्य १९६२ साली सिझेरियननेच जन्मले. त्यानंतर आठवड्याभरात त्या निवर्तल्या. त्यांचे मातृत्व उणे होते, असे म्हणण्यास कोणाची जीभ रेटेल?

मग ठरवावे कोणी? मूल तर आपली संमती देऊ शकत नाही, तेव्हा त्याच्या वाट्याची जोखीम आईने पत्करावी काय, असा आक्षेप घेतला जातो. परंतु बिनधोक वाटच नाही, तेथे निवड टाळणे हीही एक निवडच असते. म्हणून दोघांचे हित जिच्या देहात एकवटले आहे, तिनेच ठरवावे. मात्र ते पूर्ण माहितीनिशी. उपचार, त्याचे पर्याय आणि धोके सांगूनच संमती घ्यावी, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली बजावले आहे. आपल्याकडे रात्री भूलतज्ज्ञ नसतो, म्हणून हा प्रयत्न येथे नको, असे सांगणारा डॉक्टर प्रामाणिकच होय. कारण न सांगता तारीख देणाऱ्याला मात्र कारण विचारण्याचा तिला हक्क आहे.

कुटुंबाकडून अपेक्षा साधीच आहे. पहिल्या शस्त्रक्रियेचे कागद जपून ठेवावेत. छेद कोणता होता, कारण काय होते, हे विचारून घ्यावे. बाळ तेव्हा पायाळू होते म्हणून सिझेरियन झाले असेल, तर ते कारण पुन्हा उद्भवेलच असे नाही. आणि ऐन वेळी बेत बदलावा लागला, तर त्यास पराभव म्हणू नये. तो बदलही बेताचाच एक भाग असतो. स्नानसंस्कारासाठी मूल मंदिरात आणतात, तेव्हा ते कोणत्या वाटेने जन्मले हे धर्मगुरू विचारीत नाहीत. आपणही विचारू नये.