आडनाव न विचारता

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्याच मुंबईच्या दक्षिण टोकाला, कुलाब्याला, जेमतेम 73. लोकल थांबल्या, मोबाइल मुके झाले आणि माणसं कमरेएवढ्या पाण्यातून, रुळांवरून घराकडे चालत निघाली. त्या रात्रीतून गेलेली माणसं आजही मिलिमीटर सांगत नाहीत. ती सांगतात बिस्किटाचा पुडा, रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी धरून उभी राहिलेली पोरं, आणि ‘आत या, कपडे बदला’ म्हणणारी एक अनोळखी बाई.

संकटात माणसातला देव जागा होतो, असं आपण म्हणतो. मला हे पटत नाही. देव एवढा झोपाळू असेल तर त्याच्यावर भिस्त कशी ठेवायची? त्या रात्री घडलं ते साधं होतं: एक प्रश्न विचारायला कोणालाच सवड नव्हती.

आपल्याकडे देण्याघेण्याला हिशेब असतो. शेजारची वाटी रिकामी परत जात नाही, आहेराची वही वर्षानुवर्षं जपली जाते. त्यात वाईट काही नाही. समाज अशाच धाग्यांनी विणला जातो. पण हा हिशेब ठेवायचा तर समोरचा कोण हे कळावं लागतं. म्हणून ‘कुठले तुम्ही?’ आणि मग, जरा थांबून, ‘आडनाव काय?’ दारात निथळत उभ्या असलेल्या माणसाला दिलेल्या चहाची परतफेड होणार नसते. परतफेडच नाही म्हटल्यावर चौकशीही लागत नाही. ही मदत छोटी असते म्हणूनच कुणालाही जमते. तिला परवानगी, पावती, ओळख काहीच लागत नाही.

मात्र ती आपोआप घडते असं समजणं भाबडेपणाचं. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि अनोळखी माणूस हाच धोका ठरला. पुरात भिजलेल्याला घरात घेताना फार तर लादी ओली होत होती. आता जीव पणाला होता. अनेक सोसायट्यांनी घरकामाच्या बायकांना फाटक बंद केलं, रुग्णालयातून परतणाऱ्या नर्सनाही कुठे कुठे शेजार नकोसा झाला. त्याच दिवसांत मुंबई-नाशिक महामार्गावर डोक्यावर बोचकी घेऊन चालणाऱ्या मजुरांना कुणी पाणी देत होतं, कुणी खिचडी, कुणी चपला. भीती दोघांनाही सारखीच होती. फरक निवडीचा होता.

या चांगुलपणाचा एक गैरवापरही होतो. 2005 च्या पुरात मुंबईत 400हून अधिक माणसं गेली, आणि नंतर ‘मुंबई स्पिरिट’चे एवढे गोडवे गायले गेले की मिठी नदीचं पात्र कुणी आवळलं, हा प्रश्न त्या कौतुकात बुडायची वेळ आली. ऑगस्ट 2020 मध्ये माटुंग्याला तुंबलेल्या रस्त्यावर एक फूलविक्रेती उघड्या मॅनहोलपाशी कित्येक तास उभी राहून गाड्यांना सावध करत होती. तिचं कौतुक देशभर झालं. पण तीनच वर्षांपूर्वी, 2017 च्या पुरात, याच शहरातले एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले होते. मॅनहोलपाशी माणूस उभा करायची जबाबदारी कुणाची, हे तिला हार घालून ठरत नाही. नागरिकाची माणुसकी ही पालिकेची पळवाट होता कामा नये.

आणि आपली स्वतःची पळवाट? पाणी ओसरलं की तोच प्रश्न परत येतो. निथळणाऱ्या परक्याला रात्रभर आसरा देणाऱ्या शहरातच भाड्याचं घर शोधणाऱ्याला आधी आडनाव विचारतात, मग मांसाहार करता का, हे विचारतात. एका रात्रीपुरता प्रश्न गिळता येतो, याचा अर्थ तो अटळ नाही. आपण तो विचारायचं ठरवतो. पुरात आपण किती चांगले वागलो याच्या गोष्टी सांगायला हरकत नाही, पण परीक्षा कोरड्या दिवशीची असते. त्या दिवशी दारात आलेला माणूस भिजलेला नसतो, त्याला घाई नसते, आणि आपल्याला त्याचं आडनाव विचारायला भरपूर सवड असते.