आधी ग्रीनवर जा, मग टीवर

दौंड

चि. नातीस,

तुझे गोल्फचे सर म्हणतात टीवरून आयर्न मार, चेंडू सरळ राहील. बरोबरची मुलं मात्र प्रत्येक लांब होलवर ड्रायव्हर काढतात. यात खरं कुणाचं, असं विचारलंस. तरुणपणी येरवड्याच्या पूना क्लबच्या मैदानावर मी खेळाडूंची बॅग वाहिली आहे, म्हणून मनापासून लिहितो.

क्लब टीवर उभं राहून ठरवूच नये. आधी मनाने ग्रीनवर जा आणि तिथून उलटं चालत ये. होल 320 यार्डांचा आहे, आणि 120 यार्डांचा फटका तुझ्या हातात पक्का बसला आहे. मग टीवरून 200 पुरेत. पिशवीतल्या 14 क्लबांपैकी जो तेवढं अंतर देतो, तो त्या होलचा क्लब.

2006 च्या ब्रिटिश ओपनमध्ये होयलेकच्या मैदानावर टायगर वूड्सने 72 होलांत ड्रायव्हर फक्त एकदा वापरला आणि दोन फटक्यांनी स्पर्धा जिंकली. त्या उन्हाळ्यात तिथली जमीन भाजून निघाली होती. आयर्नचा चेंडूसुद्धा पडल्यावर लांब धावत होता, आणि ड्रायव्हरने तो खोल बंकरांपर्यंत गेला असता. जमिनीची ही गोष्ट आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. शिरूर-दौंडची माणसं आपण, पर्जन्यछायेतली. वैशाखात घोडनदीकाठचं रान कसं दगडासारखं होतं आणि पावसात तेच कसं पाय धरून ठेवतं, हे तू लहानपणापासून पाहतेस. नगर रस्त्याने येरवड्याला जाशील तेव्हा पहिल्या टीवर पोचण्याआधी फेअरवेवर टाच दाबून बघ. उन्हाळ्यात जिथे 5 नंबरचं आयर्न पुरतं, तिथे आषाढात हायब्रिड लागेल.

पण आयर्न म्हणजे सुरक्षित, हे मला पूर्ण पटत नाही. ड्रायव्हरचा लॉफ्ट, म्हणजे तोंडाचा तिरकेपणा, साधारण 10 अंश, 5 नंबर आयर्नचा 25 च्या आसपास. कमी लॉफ्टवर तेवढ्याच चुकीला चेंडू जास्त वळतो, हे खरं. मात्र मागे राहिलीस की दुसरा फटका लांबचा उरतो, आणि लांबचा फटका अधिक चुकतो. कोलंबिया विद्यापीठाच्या मार्क ब्रॉडी यांनी व्यावसायिकांच्या असंख्य फटक्यांचा हिशेब मांडून टीवरच्या अंतराचं मोल दाखवून दिलं आहे. म्हणून दोन्ही बाजू मोकळ्या असतील तिथे बेधडक ड्रायव्हर काढ.

बाजू मोकळ्या आहेत का हे ठरवताना आधी हद्दीचे पांढरे खांब कुठे आहेत ते बघ. चेंडू त्यांच्या पलीकडे गेला की एक दंड, आणि पुन्हा टीवरूनच, म्हणजे तिसरा फटका. पाण्यात गेला तर दंड एकच, आणि चेंडू पुढे कुठेतरी टाकता येतो. खांब उजवीकडे असतील तर टीच्या उजव्या खुणेजवळ चेंडू लाव. नेम आपोआप डावीकडे धरला जाईल. खुणांच्या मागे दोन क्लबांच्या लांबीपर्यंतची जागा नियमाने तुझीच आहे. पुष्कळ जण ती वापरतच नाहीत.

पूना क्लबवर पीजीटीआयची, म्हणजे व्यावसायिकांची, स्पर्धा असेल तेव्हा टीमागे उभी राहा. पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिक खेळून आला. असे खेळाडू कोणत्या होलवर ड्रायव्हर ठेवून देतात ते टिपून घे. त्याच वहीत तुझ्या प्रत्येक क्लबचं अंतर लिही: एखादाच लांब गेलेला फटका नव्हे, दहांतले सहा-सात जिथे पडतात ते. सुट्टीत चौफुल्यावरून येशील तेव्हा वही घेऊन ये, एकेक होल मिळून बघू.

तुझे आजोबा