सवय असते

नवापूरच्या आसपासचे सागवन उन्हाळ्यात पाहावे. पाने गळून झाडांचे नुसते खराटे उरतात. अशा रानात काळ्या तोंडाचे वानर जगते कसे? परमेश्वराने त्याचे पोटच निराळे घडविले आहे. जठराला कप्पे आहेत. त्यांत सूक्ष्मजीव राबतात आणि आपल्याला न पचणारा जून पाला आंबवून त्याचे अन्न करतात. पाला सरला की कळ्या, फुले, शेंगा, बिया. याच वानरांचे भाऊबंद हिमालयात दाट केसांच्या आधारे थंडी काढतात, जोधपूरच्या रखरखाटातही तग धरतात. जपानमधील माकडे तर झाडाची साल खाऊन बर्फाळ हिवाळा ढकलतात. उत्तरेकडील लाल तोंडाच्या माकडाची पश्चिम भारतातील सीमा पूर्वी तापी नदी मानली जाई. आता ते तापी ओलांडून दक्षिणेकडील टोपीमाकडाच्या मुलखात शिरले आहे.

प्राणी जुळवून घेतात, हे विधान विज्ञानाचे. ‘मग त्यांचे काय बिघडते?’ ही पुस्ती मात्र आपली. रान आपण तोडायचे, घाटरस्त्यावर पुण्य म्हणून बिस्किटे टाकायची, आणि तेच वानर कौलांवर आले की दगड उचलायचा! पाला आंबविणारे पोट बिस्किटांसाठी घडलेले नाही. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातील मनुष्याच्या सत्तेचे वचन आपल्याला मुखोद्गत असते. हिरवी वनस्पती पशुपक्ष्यांनाही अन्न म्हणून दिली, हे त्यानंतर दोनच ओव्यांनी येते; तिथवर आपण सहसा पोहोचत नाही. प्रत्येक जीवाला देवापाशी स्वतःचे मोल आहे, याची आठवण पोप फ्रान्सिस यांना २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात करून द्यावी लागली.

ही पुस्ती आपण माणसांनाही जोडतो. दिवाळीनंतर या भागातील कितीतरी आदिवासी कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. लेकरांसह उघड्या रानातील कोप्यांत हिवाळा काढतात. ‘त्यांना सवय असते, फादर,’ असे चांगली श्रद्धावंत माणसेही सहज बोलून जातात. पशू आणि माणूस यांची तुलना मी करीत नाही; देवाच्या प्रतिरूपात घडलेल्याची तशी तुलना होऊच शकत नाही. माझा रोख बोलणाऱ्यावर आहे. याकोबाच्या पत्रात उघड्या-उपाशी बंधूला नुसत्या शब्दांनी वाटेला लावणाऱ्याची कानउघाडणी आहे. आपण तर तेवढे शब्दही खर्चीत नाही. मीही अशा बोलण्यावर मान डोलावली आहे.

होळीसाठी परतलेल्या एका आईला मी विचारले, “यंदा थंडी फार होती का गं?”

ती म्हणाली, “आम्हाला सवय आहे, फादर. पोराला अजून झाली नाही.”